आगोटीच्या तोंडावर समुद्रात उतरताना: मेअखेरचा वारा, भरती आणि लाट कशी वाचावी

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात, आगोटीच्या म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, कोकणच्या किनाऱ्यांवर पर्यटकांची झुंबड उडते, आणि नेमक्या याच दिवसांत समुद्र कूस बदलत असतो. ऊन फेब्रुवारीइतकंच लख्ख असतं, सकाळचं पाणीही बहुतेक दिवशी तसंच निवळ दिसतं. त्यामुळे हिवाळ्यात जिथे मुलांना घेऊन निर्धास्त डुंबलो, तिथे आताही तसंच डुंबता येईल असं वाटतं. पण लाट येण्याची दिशा बदललेली असते, वाऱ्याची वेळ बदललेली असते आणि लाटेत भरलेलं बळही बदललेलं असतं.

हा लेख सर्फिंग शिकणाऱ्यांसाठी, बॉडीबोर्ड घेऊन लाटांत खेळणाऱ्यांसाठी आणि साधं पोहायला उतरणाऱ्यांसाठी आहे. डोळ्यांसमोर मुख्यतः देवगड, मालवण, वेंगुर्ले, शिरोडा आणि त्यापुढचा उत्तर गोव्याचा हरमल-मांद्रे-आश्वे-मोरजी हा पट्टा ठेवला आहे. रत्नागिरी-दापोलीला यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. मुंबईची गोष्ट थोडी निराळी आहे, ती ओघात येईल.

आधीच सांगून टाकतो: मेअखेरीस लाटेची उंची विचारून फारसं काही कळत नाही. विचारायचं ते लाटेच्या कालावधीबद्दल, म्हणजे एका लाटेमागून दुसरी किती सेकंदांनी येते याबद्दल. मग भरती, मग वारा आणि शेवटी किनारा. बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात. आधी किनारा ठरवतात, हॉटेल बुक करतात आणि पाण्यापाशी पोचल्यावर लाटांकडे बघतात.

पहिली पायरी: आपण हंगामात कुठे आहोत ते ओळखा

नोव्हेंबर ते मार्च या काळात आपल्याकडे येणाऱ्या लाटा बहुतांशी वायव्येकडच्या असतात. इराणच्या आखातातले शमाल वारे अरबी समुद्रात ज्या लाटा उठवतात, त्या आपल्यापर्यंत पोचतात. या लाटा सहसा मीटरभराच्या आत असतात. एप्रिलपासून दक्षिणेकडच्या लाटांचं पारडं जड होऊ लागतं. विषुववृत्ताच्या पलीकडे, दक्षिण हिंदी महासागरात ४० अंश अक्षांशाच्या आसपास आणि त्याच्याही खाली, तिकडच्या हिवाळ्याची वादळं सुरू झालेली असतात. तिथे उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर कापून नैऋत्येकडून आपल्या किनाऱ्याला लागतात. आणि जूनमध्ये मोसमी वारा स्वतःच दाराशी येऊन उभा राहतो. मग तीन मीटर आणि त्याहून मोठ्या लाटा ही रोजचीच गोष्ट होते.

मेअखेर म्हणजे या दोन्हींच्या मधला काळ. मोसमी पाऊस केरळात १ जूनच्या सुमारास येतो, मुंबईत ११ जूनच्या सुमारास. पण सरासरी तारखेवर बेत आखू नका. २०२५ साली २४ मे रोजी कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी-दापोलीदरम्यान किनाऱ्यावर चढलं, २५ मेला मोसमी पाऊस देवगडापर्यंत पोचला आणि २६ मेला मुंबईत. म्हणजे सुट्टीचा शेवटचा आठवडा म्हणून ज्यांनी बुकिंग केलं होतं, त्यांना पावसाळी समुद्र भेटला.

गावात फिरलात तरी हंगाम कळतो. होड्या वर ओढून झापांनी शाकारायला सुरुवात झाली, आठवडी बाजारात सुके बांगडे, जवळा, सोडे घ्यायला आगोटीची गर्दी दिसू लागली की मच्छीमारांच्या हिशेबी समुद्र मिटत चालला आहे. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जूनपासून कायद्यानेच बंद होते. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीसेवा आणि मालवण-तारकर्लीचे जलक्रीडा प्रकार त्याच्या आधीच, मेच्या शेवटच्या आठवड्यात थांबवतात, ते ऑगस्ट संपेपर्यंत. ही बंदी लागल्यावर कोणी "अर्धा तास नेऊन आणतो" म्हणालं तर होडीत चढू नका. बंदी लागायच्या तोंडावरचे दिवससुद्धा जपून वागायचे असतात. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला.

दुसरी पायरी: निघण्याच्या चार-पाच दिवस आधी दक्षिणेकडे बघा

दूरवरून येणाऱ्या लाटेला आपल्याकडच्या हवेशी काही देणंघेणं नसतं, आणि मेअखेरचा सगळा धोका याच गोष्टीत आहे. अठरा सेकंद कालावधीची लाटांची रांग खोल समुद्रात ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने पुढे सरकते. दिवसाला बाराशे किलोमीटर झाले. दक्षिणेत वादळ झाल्यावर त्याची लाट कोकणात पोचायला पाच-सहा दिवस लागतात. तोवर इथे वारा नसेल, ढग नसेल, आणि तरीही पाणी अचानक वाळूच्या माथ्यापर्यंत चढेल.

मे २०२४ मध्ये हेच झालं. एप्रिलअखेरीस दक्षिण अटलांटिकात उठलेल्या लाटा ४ मेच्या सुमारास भारताच्या किनाऱ्याला लागल्या. केरळात या प्रकाराला कल्लक्कडल म्हणतात. हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्र सरकारच्या संस्थेने इशारा दिला होता, मुंबईच्या चौपाट्यांवरही सूचना दिल्या गेल्या होत्या. तरी ६ मेला कन्याकुमारी जिल्ह्यात वैद्यकीय शाखेचे पाच विद्यार्थी लाटेबरोबर ओढले गेले आणि बुडाले.

म्हणून निघण्याच्या आठवड्यात रोज पाच मिनिटं काढा. इन्कॉइसच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या 'समुद्र' अॅपवर जिल्हावार इशारे असतात, ते पाहा. मग विंडी किंवा तत्सम अॅपवर मालवणसमोरच्या समुद्रात बोट ठेवून तीन आकडे वाचा: उंची, कालावधी, दिशा. अॅपमध्ये वाऱ्याने उठलेल्या लाटा आणि दूरवरून येणारा स्वेल वेगवेगळे दाखवतात. दोन्ही उघडून पाहायचे.

समजा एका दिवशी लिहिलंय १.२ मीटर, ६ सेकंद, दिशा ३०० अंश. ही स्थानिक वाऱ्याची, वायव्येकडची लाट आहे. पाणी खवळलेलं, फेसाळ, कटकटीचं असेल, पण लाटेत फार दम नसेल. दुसऱ्या दिवशी लिहिलंय १.२ मीटर, १७ सेकंद, दिशा २०५ अंश. उंची तीच. पण ही लाट दक्षिण-नैऋत्येकडून आलेली, लांबलचक आहे. उथळ पाण्यात शिरताना ती उभी राहते आणि फुटताना दीडपट आणि त्याहूनही उंच होऊ शकते. शिवाय ती तुमच्या अंगावरून जायलाच जास्त वेळ घेते, म्हणजे तेवढा वेळ पाणी एकाच दिशेने ढकलत आणि मग एकाच दिशेने ओढत राहतं. लाटेची ताकद साधारण उंचीच्या वर्गात कालावधी गुणून येते. गणित करून बघा, दुसऱ्या लाटेत जवळपास तिप्पट जोर निघतो.

माझे ठोकताळे असे आहेत. कालावधी दहा सेकंदांच्या आत आणि उंची मीटरच्या आत असेल तर नवशिक्याने जरूर उतरावं. बारा-तेरा सेकंदांच्या वर गेला की पोहणाऱ्यांनी मांडीभर पाण्याच्या पुढे जाऊ नये, आणि सर्फिंग करणाऱ्यांनी जाणत्या माणसासोबतच जावं. पंधरा सेकंदांच्या पुढे आणि उंचीही मीटरच्या वर असेल तर त्या दिवशी मुलाबाळांना वाळूवरच खेळू द्या, तेही भरतीरेषेच्या चांगलं वर. हे आकडे सरकारी नियम नाहीत. या किनाऱ्याच्या उताराला आणि गर्दीला धरून काढलेली मर्यादा आहे, आणि ती सैल करण्यापेक्षा आवळलेली बरी.

मुंबईचा फरक इथे येतो. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ दोन-तीनशे किलोमीटर आतपर्यंत पसरला आहे. लांब कालावधीच्या लाटेला दोनशे मीटर खोलीवरच तळ लागायला सुरुवात होते, आणि एवढा मोठा उथळ पट्टा ओलांडताना तिची बरीच ताकद घासून जाते. दक्षिणेकडे हा पट्टा अरुंद होत जातो. त्यामुळे शिरोड्याला आणि गोव्याला तीच लाट अधिक ताजी लागते. सर्फिंगच्या शाळा आश्वे-मांद्रेला रुजल्या, त्याला हेही एक कारण असावं.

तिसरी पायरी: तिथीवरून भरती काढा

भरतीचं वेळापत्रक फोनवर मिळतं, ते वापराच. पण रेंज नसलेल्या किनाऱ्यावर कोळ्यांचा जुना हिशेब हाताशी असावा. तिथीची पाऊणपट करायची, आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात वाजता. दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा तोच आकडा धरायचा, कारण दोन भरतींत साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचं अंतर असतं. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास. हा हिशेब मुंबईच्या आसपास नीट बसतो. मालवण-वेंगुर्ल्याला आणि गोव्याला भरती साधारण तासभर आधी येते, तेवढा तास वजा करा.

पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं, अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी. उधाणाच्या दिवशी मुंबईला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, मालवणला साधारण त्याच्या निम्मा. पाणी सहा तासांत चढतं, पण सारख्या गतीने नाही. मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी हलतं. खाडीच्या मुखाशी हे दोन तास सगळ्यात वाईट. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे किंवा तेरेखोलच्या मुखाशी ओहोटीच्या मधल्या तासांत पाण्याला जी ओढ असते, तिच्याविरुद्ध पोहणं कोणालाच जमत नाही. मे महिन्यात नदीला गोडं पाणी नसतं म्हणून मुख शांत असेल, असं समजू नका. खाडीत चढलेलं भरतीचं सगळं पाणी त्याच अरुंद वाटेने परत जातं.

आता सर्फिंगसाठी याचा उपयोग. आपल्या बहुतेक किनाऱ्यांवर मे महिन्यात वाळूचा भर वरच्या अंगाला साठलेला असतो. हिवाळाभर लहान लाटांनी वाळू वर आणून टाकलेली असते, त्यामुळे भरतीरेषेजवळ तीव्र उताराची पायरी तयार होते. पूर्ण भरतीला लाट थेट या पायरीवर आपटते. तिच्यावर स्वार होता येत नाही, आणि ती डोक्यावर किंवा मानेवर आपटवणारी असते. पूर्ण ओहोटीला लाटा दूरच्या उथळ पट्टीवर एकदम कोसळतात आणि पाण्याची परतीची ओढही वाढते. म्हणून ओहोटी संपून पाणी चढायला लागल्यानंतरचे दोन-तीन तास नवशिक्यांसाठी सगळ्यात चांगले. ती वेळ सकाळी सहा ते साडेनऊच्या दरम्यान येईल असे दिवस शोधायचे. पाऊणपटीचा हिशेब लावलात तर दिसेल की भरती दहा-अकराच्या सुमाराला असेल असे दिवस पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच पडतात, म्हणजे उधाणाचे. त्यातल्या त्यात पौर्णिमा-अमावास्येच्या एक-दोन दिवस आधीचे घ्या. पाण्याचा जोर तेव्हा शिगेला गेलेला नसतो.

हरिहरेश्वरला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. देवळामागची खडकातली प्रदक्षिणेची वाट फक्त ओहोटीत उघडी असते. लांब कालावधीच्या लाटा असतील त्या दिवशी ओहोटीतही तिथे उतरू नका. दहा मिनिटं कोरडा राहिलेला खडक एका लाटेत धुऊन निघतो.

चौथी पायरी: वारा आणि आकाश

मेअखेरचा दिवस ठरलेल्या क्रमाने उलगडतो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा, तोही आता क्षीण झालेला. सहा ते नऊ पाणी काचेसारखं गुळगुळीत असतं. दहा-अकराच्या सुमारास खारा वारा सुटतो, वायव्येकडून. दोन ते पाच तो ऐन भरात असतो आणि लाटांचा आकार पार मोडून टाकतो. सूर्यास्ताला तो थोडा मंदावतो, पण पाणी तोवर गढूळ आणि विस्कटलेलं असतं. म्हणून सर्फिंग सकाळचं. पर्यटकांची गर्दी संध्याकाळी चार ते साडेसहा पाण्यात असते, म्हणजे दिवसातल्या सगळ्यात खराब वेळी. हे बदलायला काहीच खर्च नाही, फक्त लवकर उठावं लागतं.

उन्हाचंही तसंच. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य कोकणाच्या अगदी डोक्यावरून जातो. मालवणला ४ मेच्या आसपास, मुंबईला १५ मेला शून्य सावलीचा दिवस असतो. मेअखेरीसही तो फारसा ढळलेला नसतो. पारा ३४-३५ अंशांवरच दिसतो, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. समुद्राचं पाणीही ३० अंशांच्या आसपास, त्यामुळे पाण्यात असूनही अंगातलं पाणी कमी होतं आणि ते कळत नाही. उतरण्याआधी शहाळं किंवा मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत प्या, पूर्ण बाह्यांचा अंगाला चिकटणारा सदरा घाला आणि दहाच्या आत बाहेर या.

वळवाचा पाऊस या दिवसांत दुपारनंतर येतो, आणि तो समुद्राकडून नाही, पूर्वेकडून, सह्याद्रीवरून येतो. पाण्यात असताना आपलं तोंड पश्चिमेकडे असतं. ढग पाठीमागे चढत असतात. दर दहा मिनिटांनी मान वळवून डोंगराकडे बघायची सवय लावा. ढग काळवंडले, गार झोत आला की समजा पाच-दहा मिनिटांत जमिनीवरून समुद्राकडे सोसाट्याचा वारा सुटणार. कयाक किंवा उभं राहून वल्हवायच्या बोर्डवर असणाऱ्याला हा वारा थेट आत लोटतो, आणि त्याविरुद्ध वल्हवून परत येणं कठीण असतं. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ लागला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. ताबडतोब बाहेर या. माड आणि पत्र्याची खोपटी टाळून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत बसा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्याकडे जाऊ नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अॅप आसपास कडाडणाऱ्या विजा दाखवतं, ते फोनवर असू द्या.

चक्रीवादळांचा विचार वेगळा करायला हवा. मे-जून हा अरबी समुद्रातला वादळांचा काळ आहे. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. तौक्ते मे २०२१ मध्ये कोकणाला समांतर वर सरकलं. ही डोळ्यांदेखत येणारी वादळं, त्यांच्याबद्दल लोक सावध असतात. फसवतात ती लांबून जाणारी. जून २०२३ मध्ये बिपरजॉय मुंबईपासून शेकडो किलोमीटर दूर होतं, गुजरातच्या दिशेने चाललं होतं. त्याच्या लाटा चालू असताना १२ जूनला जुहूला चार मुलं बुडाली. समुद्रात कुठेही कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली की ते आपल्याकडे येणार आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा. लाटा येणारच. बंदरावर तीन नंबरचा, वादळी हवेच्या इशाऱ्याचा बावटा लागला असेल तर त्यानंतर कोणाला विचारत बसू नये, पाण्यात उतरूच नये.

पाचवी पायरी: कुठला किनारा, आणि किनाऱ्याचा कुठला कोपरा

कोकणचा किनारा सरळ नाही. डोंगराची सोंड समुद्रात घुसते, मग वाळूची पुळण, मग पुढची सोंड. मेअखेरीस लाट दक्षिण-नैऋत्येकडून आणि दुपारचा वारा वायव्येकडून, हे लक्षात घेतलं की कुठे थांबायचं ते समोरच दिसतं. पुळणीच्या दक्षिण टोकाला सोंडेची आड मिळते, तिथे लाट लहान लागते. उत्तरेकडे जाल तशी मोठी. याच कारणाने भोगवे, वेळागर, सागरेश्वर यांसारख्या लांब पुळणींवर एकाच वेळी एका टोकाला मुलं खेळू शकतात आणि दुसऱ्या टोकाला उतरणं वेडेपणाचं असतं.

मात्र दोन्ही टोकांना खडकाला चिकटून राहू नका. तिरक्या लाटांमुळे पाणी किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे वाहतं, आणि उत्तरेच्या सोंडेला धडकून खडकाच्या कडेने खोल समुद्राकडे वळतं. तिथे जवळजवळ रोजच समुद्राकडे नेणारा प्रवाह असतो. दक्षिणेच्या कोपऱ्यातही खडकापासून चांगलं अंतर राखा.

पोहायला आडोशाची जागा हवी असेल तर मालवणचा चिवला पाहा. समोरचे खडक आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या अवतीभवतीचे खडप लाट अडवतात. तारकर्ली त्याच्या शेजारीच, पण उघडी. लोक दोन्हींना एकच समजतात. गोव्यात निवड सोपी आहे: दृष्टी या कंपनीचे जीवरक्षक जिथे लाल-पिवळे बावटे रोवतात, त्या दोन बावट्यांच्या मध्येच उतरायचं, आणि नुसता लाल बावटा असेल तर उतरायचं नाही. महाराष्ट्राच्या बहुसंख्य पुळणींवर जीवरक्षकच नाहीत. सरकारने ते नेमले पाहिजेत, आणि होमस्टे चालवणाऱ्यांनीही ही मागणी लावून धरली पाहिजे. तोवर स्थानिक रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारा मच्छीमार) किंवा नारळवाला "आज नको" म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका.

सहावी पायरी: वीस मिनिटं वाळूवर बसा

ही पायरी सगळे गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची हीच आहे. लांब कालावधीच्या लाटा झुंडीने येतात. पाच-सात मोठ्या लाटा येतात आणि मग दहा-पंधरा मिनिटं पाणी निपचित पडतं. त्या शांत वेळात पोचलेल्या माणसाला समुद्र झोपलेला वाटतो. वीस मिनिटं बसलात तर निदान एक झुंड दिसतेच.

बसल्या बसल्या तीन कामं करा. पाण्यातला एखादा खडक किंवा रोवलेली काठी धरून, एका लाटेवर वेळ सुरू करून पुढच्या दहा लाटा मोजा, फोनच्या घड्याळावर वेळ बघा आणि दहाने भागा. दीडशे सेकंद झाले तर कालावधी पंधरा. अॅपने काहीही सांगितलेलं असो, हा आकडा खरा. दुसरं, सगळ्यात मोठ्या लाटेचं पाणी वाळूवर कुठवर चढतं ती ओली रेषा पाहून ठेवा. सामान, चपला आणि झोपलेलं मूल तिच्या पुष्कळ वर हवं.

तिसरं काम ओढ शोधण्याचं. लाटांनी वर आणलेलं पाणी कुठूनतरी परत जायला हवं, आणि ते वाळूत कोरलेल्या एखाद्या खोलगट वाटेने जातं. उंचावरून बघा. दोन्ही बाजूंना पांढरा फेस फुटतोय आणि मध्ये आठ-दहा मीटरचा पट्टा गडद, बिनफेसाचा, वरवर शांत. जवळून पाहिलं तर त्या पट्ट्यात पाण्याचा पृष्ठभाग बारीक चुरगळलेला दिसतो, आणि वाळूचा मळकट रंग समुद्राच्या बाजूला सरकत असतो. ही रिप करंटची वाट. पोहता न येणारे लोक नेमके याच पट्ट्यात उतरतात, कारण तिथे लाट फुटत नाही. खात्री करायची तर नारळाचं सोडण गुडघाभर पाण्यातून तिकडे फेकून द्या. लाटांच्या पट्ट्यात पडलं तर ते परत पायाशी येईल. ओढीत पडलं तर बघता बघता फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे जाईल. मुलांना हे एकदा करून दाखवा, शब्दांनी सांगण्यापेक्षा ते पक्कं बसतं.

सातवी पायरी: पाण्यात

सर्फिंग शिकताना आठ फुटांच्या आसपासचा मऊ फोमचा बोर्ड घ्या आणि कंबरभर पाण्यात, फुटून आलेल्या पांढऱ्या लाटेवरच सराव करा. मेअखेरीस हिरव्या, न फुटलेल्या लाटेचा हट्ट धरू नका. लीश, म्हणजे बोर्डाला जोडलेली दोरी, घोट्याला घट्ट बांधा. बोर्ड स्वतःच्या आणि लाटेच्या मध्ये आडवा धरायचा नाही, नाहीतर तो छातीवर येतो. पडताना सपाट, अंग पसरून पडा आणि वर येताना हात डोक्यावर घ्या. किनाऱ्यावरची एक खूण धरून ठेवा, समजा एखादा वाकडा माड, आणि दर पाच मिनिटांनी बघा. तो सरकलेला दिसला तर प्रत्यक्षात तुम्ही वाहत आहात.

साडी, सलवार, जीन्स घालून पाण्यात जाऊ नये. भिजल्यावर हे कपडे पायांना जखडतात. दारू पिऊन तर मुळीच नाही.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून धडपडू नका. माणूस बुडतो तो दमल्यामुळे. पाठीवर तरंगा, श्वास सावरा, एक हात वर करा. ओढ तुम्हाला पाण्याखाली खेचत नाही, खोल समुद्राकडे नेते, आणि लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे तिचा जोर संपतो. दम असेल तर किनाऱ्याला समांतर, फेस फुटत असलेल्या बाजूकडे पोहा आणि मग लाटांबरोबर तिरके किनाऱ्याकडे या. बोर्ड असेल तर तो कोणत्याही परिस्थितीत सोडू नका.

दुसरा कोणी बुडताना दिसला तर मोकळ्या हाताने धावू नका. एकाला वाचवायला गेलेले दोघं-तिघं बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. झाकण लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन, गाडीतली ट्यूब, दोरी, जे तरंगेल ते फेका, आरडाओरडा करून मच्छीमारांना बोलवा. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेला १०८, आणि समुद्रातल्या बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४. माणूस बाहेर काढल्यावर पोट दाबत बसू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास आणि छातीवर दाब लगेच सुरू करा.

कधी थांबायचं

पावसाची वाट बघू नका, वारा बघा. सकाळी सात वाजताच नैऋत्येचा किंवा पश्चिमेचा एकसारखा वारा लागला, पाण्याचा रंग निळ्यावरून मातकट झाला आणि पुळणीवरची वाळूची पायरी एका रात्रीत कापली गेलेली दिसली की आपला उन्हाळा संपला. साधारण रोहिणी नक्षत्र लागल्यापासून मिरगापर्यंत, म्हणजे २५ मे ते ७-८ जूनच्या दरम्यान हे होतं, कधी त्याच्याही आधी. त्यानंतर दोन कोरड्या दिवसांची उघडीप मिळाली तरी लाट उघडीप घेत नाही.

पुन्हा उतरायचं ते सप्टेंबरच्या उत्तरार्धात, गणपती झाल्यावर, आणि आधी ओहोटीच्या वेळी जाऊन तळ बघून. पावसाळ्यातल्या लाटा पुळणीवरची वाळू आत ओढून नेतात आणि तिथे नवे उंचवटे, नव्या वाटा तयार करतात. मे महिन्यात जिथे ओढ होती तिथे ती नसेल, आणि जिथे नव्हती तिथे असेल. सोडण पुन्हा फेकून बघावं लागेल.